नमाजची वेळ सांगणारा फोन आणि दुकानातील अमानत

मस्जिदीत घड्याळाखाली लावलेला नमाजच्या वेळांचा तक्ता पूर्वी सर्वांना पुरत असे. फिरतीवरचा व्यापारी परगावी गेला की तेथील एखाद्या दुकानदाराला विचारून घेई, आणि किब्ला कोणत्या बाजूस आहे हेही त्याच वेळी कळे. आज ही दोन्ही कामे खिशातील मोबाईल करतो. फजरची अजान फोनमध्येच होते, प्रवासात किब्ल्याचा बाण दिसतो, रमजानमध्ये सहेरी-इफ्तारची वेळ मिनिटावर कळते. सोय मोठी आहे व तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु हा फोन आपल्याला नमाजची वेळ सांगतो त्याच वेळी आपण कोठे आहोत हे आणखी कोणाला सांगतो, याचा विचार व्यापारी माणसाने तरी करावयास हवा. बाजारात कोणी माल फुकट देऊ लागला तर आपण आधी विचारतो की बाबा, याचे पैसे कोण भरतो आहे? फोनमधील फुकट ॲपबद्दल हा प्रश्न आपण विचारलेला नाही.

तो प्रश्न नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत विचारला गेला. 'व्हाइस' या प्रकाशनाच्या 'मदरबोर्ड' विभागाने एक बातमी छापली. 'मुस्लिम प्रो' हे नमाजच्या वेळा, किब्ला व कुरआन पठणाचे ॲप तोपर्यंत जगभरात ९ कोटी ८० लाखांहून अधिक वेळा फोनमध्ये घेतले गेले होते. या ॲपमधून वापरणाऱ्यांचा ठावठिकाणा 'एक्स-मोड' नावाच्या अमेरिकन कंपनीकडे जात होता, आणि ती कंपनी अशी माहिती संरक्षण खात्याची कामे करणाऱ्या ठेकेदारांना व त्यांच्यामार्फत अमेरिकन लष्कराला विकत होती, असे त्या बातमीत होते. जगभर संताप झाला. अनेकांनी ते ॲप काढून टाकले. 'मुस्लिम प्रो'ने लष्कराला थेट माहिती विकल्याचा इन्कार केला आणि 'एक्स-मोड'शी असलेला संबंध तोडल्याचे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात ॲपल आणि गूगल या दोन्ही कंपन्यांनी 'एक्स-मोड'चा तुकडा ॲपमधून काढून टाकण्याचा हुकूम ॲप बनविणाऱ्यांना दिला.

हे एकच प्रकरण असते तर चूक म्हणून सोडून देता आले असते. पण जानेवारी २०२१ मध्ये 'सलात फर्स्ट' या दुसऱ्या नमाज-ॲपची हकीकत बाहेर आली. येथे माहिती घेणारी कंपनी फ्रान्सची 'प्रेडिसिओ' होती. कोणता फोन, कोणत्या क्षणी, नेमका कोठे होता, असे सर्व त्या नोंदींत होते. नंतर एप्रिल २०२२ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने आणखी एक प्रकार छापला. सर्ज एगलमन व जोएल रिअर्डन या दोन संशोधकांना काही ॲपमध्ये एकाच कंपनीचा छुपा तुकडा सापडला होता. त्यांत नमाजची ॲपही होती आणि क्यूआर कोड वाचणारे एक ॲपही. हा तुकडा ठिकाणच नव्हे, तर फोन नंबरसुद्धा उचलत होता. गूगलने ती ॲप आपल्या दुकानातून काढली, आणि तो तुकडा काढून टाकल्यावरच परत येऊ दिली.

जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 'एक्स-मोड' व तिच्या 'आउटलॉजिक' या नव्या नावाच्या कंपनीस संवेदनशील ठिकाणांची माहिती विकण्यास मनाई केली. अशा ठिकाणांत दवाखाने होते, मारहाणीने घर सोडलेल्या स्त्रियांची आश्रयस्थाने होती आणि प्रार्थनास्थळेही होती. मस्जिदीत कोण आले, किती वेळ बसले, तेथून उठून कोठे गेले, ही बाजारात विकावयाची वस्तू नव्हे, एवढे सरकारी पातळीवर मान्य व्हावयास बातमीनंतर तीन वर्षे लागली.

माल कसा फिरतो?

या धंद्याची रचना आपल्या बाजारातील रचनेहून फार वेगळी नाही. रेडिमेड कपड्यांचा कारखानदार शर्ट स्वतः शिवतो, पण बटण, चेन, कॅनव्हास, लेबल बाहेरून घेतो. ॲप बनविणाराही सर्व भाग स्वतः बनवीत नाही. नकाशा दाखविणारा भाग एकाकडून, जाहिरात दाखविणारा दुसऱ्याकडून, बिघाड कळविणारा तिसऱ्याकडून घेतो. अशा तयार भागास या धंद्यात 'एसडीके' म्हणतात. फरक इतकाच की शर्टाचे बटण आपल्या जुन्या मालकाला काही कळवीत नाही, हे मात्र कळविते. कित्येकदा असा भाग फुकट तर मिळतोच, वर तो बसविल्याबद्दल ॲपवाल्याला दरमहा पैसेही मिळतात. ज्याचे ॲप जास्त लोक वापरतात त्याला जास्त पैसे.

पुढे दलाल येतात. एक दलाल अनेक ॲपकडून माहिती गोळा करतो, दुसऱ्या दलालाला विकतो, तो जाहिरातदाराला, विमा कंपनीला, गुंतवणूकदाराला किंवा सरकारी ठेकेदाराला देतो. धान्याच्या आडतीत पोते तरी एकदाच विकले जाते. येथे तेच पोते शंभर जणांना विकता येते आणि पोते मूळ जागीच राहते! शेवटचा खरेदीदार कोण, हे पुष्कळदा ॲप बनविणाऱ्यालाही ठाऊक नसते. वरील प्रकरणांत तेच घडले.

दलालांचे नेहमीचे उत्तर असे की आम्ही नाव विकत नाही, फक्त एक क्रमांक विकतो. प्रत्येक फोनला जाहिरातीसाठी एक लांबलचक ओळख क्रमांक असतो व नोंदी त्या क्रमांकावर होतात. ऐकावयास हे निर्दोष वाटते. पण एक क्रमांक दररोज रात्री अकरा ते सकाळी सहापर्यंत एका घरात आणि सकाळी दहा ते रात्री नऊपर्यंत एका दुकानात असेल, तर नाव विचारण्याची गरज कोणाला आहे? गल्लीतील पोरगेही सांगेल की हे अमुक भाई. २०१३ साली १५ लाख लोकांच्या मोबाईल नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की ठिकाण व वेळ यांचे अवघे चार ठिपके हाती असले तर १०० पैकी ९५ माणसे गर्दीतून वेगळी काढता येतात.

आता यात व्यापाऱ्याचे नुकसान काय, असे कोणी विचारील. "आम्ही चोरी करीत नाही, मग भ्यायचे कशाला?" हे वाक्य दुकानादुकानांत ऐकू येते. पण आपण गल्ला उघडा ठेवून झोपतो का? चोरी करीत नाही म्हणून खरेदीचा भाव शेजारच्या दुकानदाराला सांगतो का? मालेगावचा यंत्रमागवाला महिन्यातून किती वेळा भिवंडीस जातो, कोणत्या सूत व्यापाऱ्याकडे थांबतो, कोणत्या बँकेत फेऱ्या मारतो, कोणत्या डॉक्टरकडे आठ दिवस सारखा जात आहे, हे सर्व त्याच्या पायांच्या वाटेवरून वाचता येते. यांतील प्रत्येक गोष्ट हलाल आहे, आणि प्रत्येक गोष्ट खाजगी आहे. शिवाय या नोंदी एकदा साठल्या की त्या चोरीलाही जातात. जानेवारी २०२५ मध्ये 'ग्रेव्ही ॲनालिटिक्स' या बड्या ठिकाण-दलालाच्या साठ्यावर हॅकरांनी डल्ला मारला. विकत घेणाऱ्याला निदान पैसे तरी मोजावे लागत होते.

वेळेसाठी पत्ता किती लागतो?

मजेची गोष्ट अशी की नमाजची वेळ काढण्यास आपले घर वा दुकान ठाऊक असण्याची गरजच नाही. वेळा सूर्यावर चालतात. पृथ्वीला एक अंश रेखांश फिरण्यास चार मिनिटे लागतात, आणि आपल्या महाराष्ट्रात एक अंश रेखांश म्हणजे पूर्व-पश्चिम सुमारे १०५ किलोमीटर. म्हणजे पूर्वेस किंवा पश्चिमेस जवळजवळ २६ किलोमीटर गेलो तर एका मिनिटाचा फरक पडतो. मुंबई व नागपूर यांत सहा अंशांहून थोडे अधिक अंतर आहे, म्हणून नागपुरास सूर्य माथ्यावर सुमारे २५ मिनिटे आधी येतो. अक्षांश व ऋतू यांमुळे सूर्योदय-सूर्यास्तात आणखी थोडा फरक होतो तो वेगळा. तात्पर्य, शहराचे नाव सांगितले की काम झाले. गल्ली, इमारत व मजला कळल्याने मगरिबच्या वेळेत सांगण्याजोगा फरक पडत नाही. किब्ल्याचेही तसेच. आपल्या भागातून तो पश्चिमेच्या किंचित उत्तरेस आहे. मोहल्ला बदलला म्हणून दिशा बदलत नाही, आणि बाण फिरतो तो फोनमधील चुंबकीय होकायंत्राने. असे असता एखादे ॲप २४ तास नेमके ठिकाण मागत असेल, तर ते नमाजसाठी मागत नाही हे उघड आहे.

यास्तव सर्वांत सोपा उपाय असा. फोनच्या सेटिंगमध्ये 'लोकेशन' येथे जावे व कोणकोणत्या ॲपला परवानगी दिली आहे ती यादी पाहावी. प्रथमच पाहणाऱ्याला धक्का बसेल. टॉर्च, कॅल्क्युलेटर, पत्त्यांचा खेळ यांना ठिकाण कशाला हवे? ती परवानगी काढून टाकावी. नमाजच्या ॲपमध्ये शहर हाताने निवडावे व लोकेशन बंद करावे. नकाशा, रिक्षा-टॅक्सी यांसारख्यांना 'फक्त वापरताना' एवढीच परवानगी पुरते. 'सर्व वेळ' ही कोणालाही देऊ नये. अँड्रॉइड १२ पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून नेमक्या ठिकाणाऐवजी अंदाजे ठिकाण देण्याचीही सोय आहे. अँड्रॉइडमध्ये 'ॲड्स' या भागात जाऊन जाहिरातीचा ओळख क्रमांक पुसता येतो. आयफोनमध्ये ॲपने मागोवा घेऊ का असे विचारले की नकार द्यावा, तेथे तो क्रमांक दिलाच जात नाही. हे सर्व करण्यास चहा थंड होण्याइतकाही वेळ लागत नाही. मुलाकडून करून घेतले तरी चालेल, पण शेजारी बसून घ्यावे. मोबाईल कंपनीला टॉवरवरून आपला ठाव कळतच राहणार, तो फोन बंद केल्यावाचून थांबत नाही. मात्र तिच्यावर परवान्याचे बंधन आहे, बेनामी दलालावर कसलेच नाही.

कर्ज देणाऱ्या ॲपची गोष्ट याहून कडू आहे. टाळेबंदीनंतर हातात भांडवल नसलेल्या कित्येक लहान कारागिरांनी पाच-दहा हजारांसाठी अशी ॲप घेतली. व्याजाचा प्रश्न आहेच व त्यावर या पानात अनेकदा लिहिले गेले आहे. परंतु ॲप घेतानाच फोनमधील सर्व नंबर व फोटो पाहण्याची परवानगी दिली गेली, आणि हप्ता चुकताच सासऱ्याला, गिऱ्हाईकाला, मोहल्ल्यातील बुजुर्गाला फोन गेले. बनावट फोटो पाठविले गेले. देशात काहींनी जीव दिले. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम केला की कर्जाच्या ॲपने फोनमधील नंबरांची यादी, कॉलच्या नोंदी, फाइल व फोटो यांना हात लावू नये; कॅमेरा वा ठिकाण लागलेच तर ओळख पटविण्यापुरते एकदा, स्पष्ट संमतीने घ्यावे. २०२३ मध्ये गूगलनेही कर्जाच्या ॲपना नंबर व फोटो पाहण्यास बंदी केली. जुलै २०२५ पासून नियमनाखालील संस्थांच्या कर्ज-ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. त्या यादीत नसलेले ॲप नंबरांची यादी मागत असेल तर ते सावकार नव्हे, सापळा आहे. कोणी फसला असेल तर लाजेने गप्प न राहता १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे.

गल्ल्याच्या अलीकडची बाजू

येथवर आपण गिऱ्हाईक होतो. आता दुकानदार म्हणून पाहू, कारण आपल्यापैकी प्रत्येकाजवळ दुसऱ्याची माहिती आहे, आणि ती आपण कशी ठेवतो याकडे आपले लक्ष फार कमी आहे.

मोबाईल दुरुस्तीचा धंदा घ्या. गावोगावी आपल्या तरुणांनी हा धंदा कमावला आहे. दुरुस्तीस आलेल्या फोनमध्ये एका कुटुंबाचे अख्खे घर असते. मुलीचे फोटो, बँकेचे संदेश, नवरा-बायकोचे बोलणे. गिऱ्हाईक पासवर्ड चिठ्ठीवर लिहून फोनला चिकटवून जातो आणि ती चिठ्ठी दोन दिवस टेबलावर पडून राहते. स्क्रीन बदलण्यासाठी पासवर्ड लागतोच असे नाही. 'टच' चालतो का हे गिऱ्हाइकासमोर तपासता येते. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये 'मेन्टेनन्स मोड' आहे. तो गिऱ्हाइकाने चालू करून दिला तर कारागिराला चालता फोन मिळतो, पण आतील फोटो व नंबर दिसत नाहीत. जो दुकानदार हे आपणहून सांगेल त्याच्याकडे घरातील स्त्रिया निर्धास्तपणे फोन पाठवतील. नाही तर एका शिकाऊ पोराने एक फोटो मित्राला पाठविला की ते दुकान, आणि अनेकदा ती गल्ली, कायमची बदनाम होते. आपल्या लोकांच्या दुकानाबाबत अशी बदनामी किती वेगाने व कोणत्या रंगाने पसरते, हे वेगळे सांगावयास नको.

झेरॉक्सवाल्याकडे व्हॉट्सॲपवर आलेली आधार कार्डे, निकाहनामे, पगारपत्रके महिनोन्‌महिने त्याच्या फोनमध्ये तशीच असतात. आधारची प्रत द्यावयाची असेल तर केवळ शेवटचे चार अंक दिसणारी 'मास्क्ड' प्रत आधारच्या संकेतस्थळावरून निघते, हे गिऱ्हाइकाला त्यानेच सांगावे. लेडीज टेलरच्या वहीत मापे, नाव व मोबाईल नंबर एकाच ओळीत असतात आणि वही काउंटरवर उघडी असते. माप एका वहीत क्रमांकाने व नंबर दुसरीकडे ठेवला तर काय बिघडते? जुने कारागीर असे करीत असत, मात्र त्यांचे कारण कापड चुकू नये हे होते.

दिव्य कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याच्या टेहळणीस मनाई आहे, आणि सूरह नूरमध्ये परवानगी व सलामशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नये, परत जा म्हटले तर परत जावे, असा आदेश आहे. घरातील मुलांनीसुद्धा तीन वेळी परवानगी घ्यावी इतके बारीक सांगितले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीत तर असेही आहे की माणूस बोलता बोलता इकडेतिकडे पाहून घेतो, तेव्हा ते बोलणे ऐकणाऱ्याजवळ अमानत होते. 'कोणाला सांगू नका' असे त्याने म्हणावे लागत नाही. गिऱ्हाईक पासवर्डाची चिठ्ठी देताना जे इकडेतिकडे पाहते, ते यापेक्षा निराळे काय आहे?

कायदाही हळूहळू तेथे येत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या खटल्यात एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याच्या आधाराशिवाय दुसऱ्यास देणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरली आहे. म्हणजे आपल्या गिऱ्हाइकांच्या नंबरांची यादी एखाद्या प्लॉट विकणाऱ्याला 'दोस्तीखात्यात' देणे गुन्हा नसेल, पण त्याबद्दल ग्राहक आयोगात उभे राहावे लागू शकते. बिल करताना मोबाईल नंबरची सक्ती करू नये असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांना बजावले. नंबर दिला नाही म्हणून माल न देणे योग्य नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा मंजूर झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. व्यापाऱ्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या नियम निघाल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार असे त्यात ठरविले आहे. कागदी वहीला हा कायदा लागू नाही. पण तीच वही फोनमध्ये, संगणकात किंवा उधारीच्या ॲपमध्ये उतरविली की लागू होतो. माहिती कशासाठी घेतली हे सांगावे लागेल, तेवढ्याच कामी वापरावी लागेल, काम संपल्यावर पुसावी लागेल. सुरक्षिततेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. हा आकडा बड्या कंपन्यांसाठी आहे, टपरीवाल्याने घाबरून जाऊ नये. याच कायद्यात सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार ठेवला आहे, ही मात्र त्याची लंगडी बाजू आहे. ठिकाण-दलालांचे शेवटचे गिऱ्हाईक कोण निघाले, हे आपण वर पाहिलेच.

तूर्त दुकानदाराने दोन गोष्टींना हात घालावा. व्हॉट्सॲपवर ईदच्या शुभेच्छांसाठी सर्व गिऱ्हाइकांचा एकच 'ग्रुप' केलेला असेल तर तो मोडावा, कारण त्यात प्रत्येक बाईचा नंबर प्रत्येक अनोळखी पुरुषाला दिसतो. त्याऐवजी 'ब्रॉडकास्ट' यादी करावी, म्हणजे ज्यांनी आपला नंबर फोनमध्ये साठविला आहे त्यांना संदेश जातो व एकमेकांचा नंबर कोणालाच दिसत नाही. आणि दुकानाचा जुना फोन विकताना आधी त्यातील गूगल खाते काढावे, मग 'फॅक्टरी रिसेट' करावा, सिम व मेमरी कार्ड आठवणीने काढून घ्यावे. खाते न काढता रिसेट केले तर घेणाऱ्याचा फोन जुना पासवर्ड मागत अडून बसू शकतो आणि मग तो दुसऱ्या दिवशी परत आपल्याच दुकानात येतो.